गाडी गरम झाली की बंद पडते, सेन्सर बदलला तरी तेच

प्रश्न : नमस्कार दादा, माझी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, १ लाख ८ हजार किलोमीटर झालेत. दोन महिन्यांपासून सेल्फ खूप वेळ मारायला लागतो, कधी पटकन चालू होते कधी पाच-सहा सेकंद, आणि चेक लाईट लागून राहते. मागच्या महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी चढून वर आलो आणि फ्यूज उडाल्यासारखी गाडी एकदम बंद, मागे ट्रक, बायको-मुलं गाडीत, हातपाय गार पडले. वीस मिनिटं थांबलो, मग काही झालंच नाही अशी चालू झाली. गॅरेजला स्कॅन केलं तर पी०३४० कोड आला, कॅम सेन्सर गेलाय म्हणाले, नवीन टाकला, २४०० रुपये घेतले. आठ दिवसांनी परत तोच कोड. आता म्हणतायत सेन्सर डुप्लिकेट निघाला असेल, अजून एक टाकू नाहीतर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बघावा लागेल. ईसीएमचा आकडा ऐकून झोप उडालीय. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी एक सांगतो, ईसीएमला अजिबात हात लावू देऊ नका आणि दुसरा सेन्सर पण विकत घेऊ नका, निदान मी सांगतोय त्या तपासण्या होईपर्यंत. पी०३४० चा अर्थ 'सेन्सर खराब' असा नाहीच मुळी. त्या कोडचं म्हणणं एवढंच की कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे, आणि सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा कपलर (वायरी जोडायचा प्लग), तीन वायरी, अर्थ, आणि शेवटी ईसीएमची ती पिन, एवढं सगळं. कोड वाचून सरळ पार्ट बदलणं म्हणजे ताप आला की रक्त न तपासता मलेरियाचं औषध सुरू करण्यासारखं आहे, आणि तुमच्याकडून २४०० रुपये तसेच गेलेत याचं मला खरंच वाईट वाटतं.

हा सेन्सर करतो काय ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. इंजिनचा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) एक फेरा फिरतो. क्रँक सेन्सर ईसीएमला पिस्टन वर आलाय हे सांगतो, पण तो कॉम्प्रेशनला वर आलाय का एक्झॉस्टला, हे त्याला सांगता येत नाही, कारण दोन्ही वेळा पिस्टन सारखाच वर असतो. ते सांगायचं काम कॅम सेन्सरचं. म्हणून कॅम सेन्सरचा सिग्नल गेला की बऱ्याच गाड्यांचा ईसीएम अंदाजाने चालतो, एकदा या बाजूने स्पार्क-पेट्रोल देऊन बघतो, जमलं नाही तर दुसऱ्या. अंदाज लागला तर गाडी पटकन चालू, चुकला तर सेल्फ मारत बसा. तुमची 'कधी पटकन कधी सहा सेकंद' ही तक्रार तंतोतंत यात बसते. (काही मॉडेलमध्ये मात्र कॅमचा सिग्नल नसला तर गाडी चालूच होत नाही.)

आता गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, याला आमच्याकडे दोन-तीन नेहमीचे गुन्हेगार आहेत. सेन्सरच्या आतल्या चिपचा जोड गरम झाला की उघडतो, हा एक. कपलरमधली पिन सैल झालेली असते आणि उष्णतेने अजून सैल होते, हा दुसरा. तिसरा म्हणजे कॅम सेन्सर नाहीच, क्रँक सेन्सर. तो गरम होऊन झोपला की गाडी चालता चालता सरळ बंद पडते, कारण क्रँकचा सिग्नल नसेल तर ईसीएम स्पार्क पण देत नाही आणि पेट्रोल पण नाही. त्याचा कोड पी०३३५ च्या आसपास येतो. तुम्ही लिहिलंय चढ संपल्यावर एकदम बंद पडली, म्हणून मला क्रँकचा पण संशय आहेच. यासाठी एक साधी खूण लक्षात ठेवा, पुढच्या वेळी गाडी चालू होत नसेल तेव्हा सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा किंवा स्कॅनरवर लाईव्ह आरपीएम बघा. काटा थोडा हलला, दोनशेच्या आसपास काही दाखवलं, तर क्रँक सेन्सर जिवंत आहे. शून्यावर चिकटून बसला तर तिकडे आधी बघायचं. (काही गाड्यांचा काटा सेल्फवर हलतच नाही, म्हणून गाडी नीट चालू होत असते तेव्हा एकदा सेल्फ मारताना बघून ठेवा.)

कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेम बघा, किंवा गॅरेजवाल्याला बघायला सांगा. कोड लागला त्या क्षणी कुलंटचं टेंपरेचर किती, आरपीएम किती, स्पीड किती हे तिथे साठलेलं असतं. ९५ डिग्री आणि चढावरचा स्पीड दिसला तर उष्णतेचा संबंध पक्का, पण ३० डिग्री आणि सेल्फ मारतानाचा आरपीएम दिसला तर गोष्ट वेगळी. लोक स्कॅनर लावला की पहिलं बटन दाबतात ते 'इरेज', आणि सगळा पुरावा जातो. २०१६ ची गाडी आहे म्हणजे स्टिअरिंगच्या खाली १६ पिनचं ओबीडी सॉकेट आहेच, ब्लूटूथचा छोटा स्कॅनर आणि मोबाईलवरचं ॲप एवढ्यावर पण हे वाचता येतं.

मग मल्टिमीटर. पाचशे रुपयांचा साधा चालतो. बोनेट उघडा, कॅम सेन्सर शोधा, तो साधारण इंजिनच्या वरच्या भागाच्या, म्हणजे हेडच्या टोकाला किंवा हेड कव्हरवर असतो, एका बोल्टने बसवलेला, तीन वायरींचा कपलर. कपलर काढा आणि आधी फक्त डोळ्यांनी बघा. आत इंजिन ऑईल शिरलंय का, पिन हिरवट झाल्यात का, एखादी पिन मागे ढकलली गेलीय का. तुमचा सेन्सर एकदा बदलून झालाय, घाईत कपलर ओढून काढताना लॉक तुटलेलं असणं फार कॉमन आहे, मग तो वरवर बसल्यासारखा दिसतो आणि खड्ड्यात सुटतो.

आता चावी ऑन, इंजिन बंद. मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब कपलरच्या एकेका पिनवर. सप्लायच्या पिनवर बहुतेक गाड्यांत ५ व्होल्ट मिळतात, काहींमध्ये १२. इथे एक गंमत होते जी नवीन पोरांना गोंधळात टाकते, दोन पिनांवर ५ व्होल्ट दिसतात. घाबरायचं नाही, सिग्नलच्या वायरला पण ईसीएम आतून ५ व्होल्ट देऊन ठेवतो आणि सेन्सर ते खाली ओढून सोडतो, तोच सिग्नल. उलट सिग्नलच्या वायरवर काहीच आलं नाही तर ती वायर मध्ये तुटलीय असं समजा. तिसरी पिन अर्थ, ती तपासताना कपलर परत लावून मागून बारीक सुई घालून मोजा, इंजिन चालू असताना अर्थची पिन आणि बॅटरी निगेटिव्ह यात ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ कुठेतरी खराब आहे.

सप्लायचे ५ व्होल्टच नसतील किंवा दीड-दोनच येत असतील तर लगेच ईसीएम गेला म्हणू नका!! हे ५ व्होल्ट बऱ्याच गाड्यांत दुसऱ्या सेन्सरांना पण तिथूनच जातात, हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर म्हणा, एसीचा प्रेशर सेन्सर म्हणा, त्यातला एक शॉर्ट झाला की सगळ्यांचे ५ व्होल्ट बसतात. एकेकाचा कपलर काढत जायचं, ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो दोषी. या एका तपासणीने मी कितीतरी लोकांचे ईसीएमचे पैसे वाचवलेत.

सप्लाय, अर्थ, सिग्नल तिन्ही ठीक असेल तर आता सेन्सर. कपलर लावलेला, मागून सुई सिग्नलच्या वायरला, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चावी ऑन, आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवा. मीटर ० च्या जवळ आणि ५ च्या जवळ असं उड्या मारत बदलला पाहिजे. मध्येच अडकला किंवा बदललाच नाही तर सेन्सर खरंच गेलाय. सेल्फ मारून मोजलं तर मीटर मधलाच एखादा आकडा दाखवतो कारण त्याला तेवढा वेग पकडता येत नाही, तो आकडा बघून फसू नका. आणि तीन वायरींच्या सेन्सरचे ओहम मोजू नका, त्यातून काहीच कळत नाही. आत हॉल इफेक्टची चिप असते, (एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये शोधलेलं तत्त्व, चुंबक जवळ आला की व्होल्टेज बदलतं). ओहम मोजायचे ते दोन वायरींच्या जुन्या कॉइलवाल्या सेन्सरचे.

तुमचा फॉल्ट येऊन-जाऊन असल्याने थंडपणी सगळं बरोबर दाखवेल अशी दाट शक्यता आहे. म्हणून गाडी आयडलला चालू ठेवा, स्कॅनर लावून ठेवा आणि घरचा केस वाळवायचा ड्रायर सेन्सरवर धरा, पाच-सात मिनिटं, ओढणी-बाह्या बेल्टपासून लांब ठेवून. कोड आला किंवा गाडी बंद पडली तर सेन्सर. नाही आला तर ड्रायर बाजूला ठेवा आणि वायरी कपलरपासून मागे हाताने हलवत जा, दर अर्ध्या फुटावर थांबून. माझा अंदाज विचाराल तर तुमचा फॉल्ट इथे सापडेल, कारण नवीन सेन्सर टाकून आठ दिवसांत तोच कोड येणं हे वायरिंगचं लक्षण जास्त आहे.

हे का एवढं ठासून सांगतोय, तर गेल्या पावसाळ्यात चिपळूणहून एक टॅक्सीवाले आले होते, दोन सेन्सर बदलून झालेले, दिवसाची कमाई बुडत होती, माणूस अगदी रडवेला झाला होता. बाहेरून वायर छान काळ्या स्लीव्हमध्ये. स्लीव्ह कापली तर आत उंदराने सिग्नलची वायर कुरतडलेली, तांबं हिरवं पडलेलं, दोनच तार शिल्लक होत्या. गाडी थंड असताना त्या दोन तारा टेकायच्या. चार इंच नवीन वायर, सोल्डर, हीट श्रिंक, झालं काम. तेव्हापासून मी स्लीव्ह कापल्याशिवाय वायर बरोबर आहे असं कुणाला सांगत नाही. आणि तपासताना वायरला टाचणी टोचून मोजणारे असतात त्यांना थांबवा, त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि वर्षभरात नवीन फॉल्ट तयार. जुना टेस्टर बल्ब पण या वायरींना लावू द्यायचा नाही, तो जास्त करंट ओढतो आणि ईसीएमला खरंच इजा होऊ शकते.

सेन्सरच बदलायचा ठरला तर इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा, बहुतेक वेळा दहा नंबरचा एक बोल्ट असतो. सेन्सर अडकला असेल तर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत काढा, स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर प्लास्टिक तुटून टोक आत राहतं. टोकाला लोखंडाचा कीस चिकटलाय का ते बघा, थोडा असला तर पुसून टाका, खूप असला तर तो इंजिनमधून कुठून येतोय हे बघावं लागेल. नवीन ओ-रिंगला (सेन्सरवरच्या रबरी कड्याला) बोटाने इंजिन ऑईल लावा, सिलिकॉन नको, खाली वॉशर तर अजिबात नको कारण सेन्सर आणि कॅमबरोबर फिरणारं दातेरी चाक यातलं अंतर बिघडतं. बोल्ट ८ ते १० न्यूटन मीटर, म्हणजे छोट्या पान्याने बेताचा. सेन्सर कंपनीचाच घ्या.

आणि तोपर्यंत कुटुंबाला घेऊन घाटात जाऊ नका, हे कळकळीने सांगतो. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन वेळाच साथ देतो, म्हणून ब्रेक पंप न करता एकदाच घट्ट दाबून धरायचा, हॅझर्ड लाईट लावायची, डावीकडे घ्यायची आणि गाडी थांबेपर्यंत चावी काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल.

प्रश्न : माझ्या गाडीला पी०३४० बरोबर पी००१६ पण येतोय. सकाळी चालू केल्यावर तीन-चार सेकंद पुढून खडखड आवाज येतो, मग जातो. कॅम सेन्सर दोनदा बदलला.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तिसऱ्यांदा बदलू नका. पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांचे सिग्नल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि सोबत सकाळचा खडखडाट म्हणजे क्रँक आणि कॅमला जोडणारी टायमिंग चेन ताणली गेलीय किंवा ती घट्ट धरणाऱ्या टेन्शनरमध्ये ऑईलचं प्रेशर वेळेवर येत नाही. सेन्सर खरं बोलतोय आणि आपण त्यालाच बदलतोय. आधी ऑईलची पातळी बघा, शेवटचं ऑईल कधी बदललं ते आठवा, ग्रेड मॅन्युअलप्रमाणे आहे का ते बघा. व्हेरिएबल व्हॉल्व टायमिंग असेल तर त्याच्या ऑईल कंट्रोल व्हॉल्वमधली जाळी घाणीने तुंबलेली सापडते, ती साफ करून बघायला खर्च नाही. तरी कोड आला तर कव्हर उघडून टायमिंगच्या खुणा जुळतात का बघायच्या, आणि हे पुढे ढकलू नका, चेनने दात सोडला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व पिस्टनला आपटतात. खडखड वाढलाय असं वाटलं तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

प्रश्न : चेक लाईट लागलीय, पी०३४०, पण गाडी एकदम मस्त चालते. बॅटरी काढून लावली की लाईट जाते. असंच चालवलं तर चालेल का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : लाईट जाते म्हणजे फक्त आठवण पुसली जाते, फॉल्ट तिथेच आहे. समुद्राजवळची हवा आहे तुमच्याकडे, म्हणून मी आधी कपलर उघडून पिनांवर गंज आहे का ते बघेन, इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, कपलरच्या रबरी सीलला थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा आणि 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवा. मग कोड स्कॅनरने पुसा, बॅटरी काढून नको. पंधरा दिवसांत परत आला तर वर साताऱ्याच्या वाचकांना सांगितलंय तसं मीटर घेऊन बसा.