तीन लाख कोटींच्या पॅकेजमधला एक रुपयाही आमच्या शेडपर्यंत का आला नाही?

प्रश्न: वडिलांचं दोन वेल्डिंग मशीनचं फॅब्रिकेशनचं शेड होतं. कर्ज कधीच काढलं नाही, मशीनं रोखीने घेतलेली. २०२१ मध्ये शेड बंद करावं लागलं. टीव्हीवर छोट्या उद्योगांसाठी तीन लाख कोटी जाहीर झाल्याचं आम्ही ऐकलं होतं. ते पैसे गेले कुठे? वडिलांनी काही करायचं राहून गेलं का? एका ठेकेदाराकडे त्यांचे पैसे अजून अडकलेले आहेत.

उत्तर:

आधी वडिलांबद्दल सांगते, कारण तुम्हाला तेच जास्त सलत असावं. त्यांचं काही राहून गेलं नाही. ज्याच्या नावावर बँकेचं कर्ज नाही त्याच्यासाठी ती योजना नव्हतीच.

मी इचलकरंजीत जीएसटी आणि आयकराची विवरणपत्रं भरून देण्याचं काम करते. माझ्याकडे येणारे बहुतेक जण यंत्रमागवाले, त्यातही खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे. शिवाय गॅरेजवाले, छोटे हॉटेलवाले, किराणा दुकानदार. त्यामुळे २०२० मध्ये कोणाच्या खात्यात काय जमा झालं आणि कोणाच्या खात्यात काहीच झालं नाही, हे मी पासबुकांवर पाहिलेलं आहे.

१३ मे २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जे तीन लाख कोटी जाहीर केले, ते वाटायचे पैसे नव्हते. ते कर्ज होतं. कर्ज बँका देणार, आणि ते बुडालं तर केंद्र सरकार आपल्या ट्रस्टी कंपनीमार्फत बँकेला पूर्ण रक्कम भरून देणार, अशी ती हमी होती. आपत्कालीन कर्ज हमी योजना असं तिचं नाव. २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्याकडे बँकेचं जितकं येणं बाकी असेल, त्याच्या २० टक्के जादा कर्ज मिळायचं. नवं तारण नाही, हमी शुल्क नाही. बँकांना व्याजाची कमाल मर्यादा ९.२५ टक्के, बिगरबँकिंग वित्त कंपन्यांना १४ टक्के. मुदत चार वर्षं, त्यात पहिलं वर्ष फक्त व्याज भरायचं.

आता वडिलांचा हिशेब मांडा. बाकी शून्य, आणि शून्याचे २० टक्के शून्यच. ज्यांनी आयुष्यभर अंथरूण पाहून पाय पसरले, उधारीवर मशीन घेतलं नाही, सावकाराच्या किंवा बँकेच्या दारात उभे राहिले नाहीत, नेमके तेच या मदतीच्या बाहेर राहिले. मला या योजनेबद्दल सर्वांत जास्त त्रास याच गोष्टीचा होतो, आणि त्यावर पुरेसं बोललं गेलं नाही असं माझं ठाम मत आहे.

असे किती जण असतील? राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये देशात शेती सोडून सुमारे ६.३४ कोटी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग होते, आणि त्यातले ९९ टक्क्यांहून जास्त सूक्ष्म. मार्च २०२३ मध्ये योजना संपली तेव्हा हमीचा लाभ घेतलेले कर्जदार होते सुमारे १.१९ कोटी. म्हणजे तुमचं शेड अपवाद नव्हतं, बाहेर राहिलेल्यांची संख्याच मोठी होती.

पण ज्यांना ती मिळाली त्यांना ती खरोखर उपयोगी पडली, हेही सांगायला हवं. माझ्याकडच्या एका सायझिंगवाल्यांचं, म्हणजे विणण्याआधी सुताला खळ लावून देणाऱ्यांचं, कॅश क्रेडिट (गरजेप्रमाणे उचलायचं खेळत्या भांडवलाचं कर्ज) आणि मुदत कर्ज मिळून चांगली मोठी बाकी होती. त्यांना बँकेने स्वतःहून फोन केला, फार कागद मागितले नाहीत, आणि जूनमध्ये रक्कम खात्यात आली. त्यातून त्यांनी सुताची देणी आणि कामगारांचे थकलेले पगार दिले. एरवी तारणाशिवाय कर्ज म्हटलं की बँक दहा फेऱ्या मारायला लावते, तिथे हे घडलं, कारण जोखीम बँकेची नव्हती. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने जानेवारी २०२२ च्या अहवालात या योजनेमुळे सुमारे १३.५ लाख खाती बुडण्यापासून वाचली असा अंदाज दिला होता. मी जे पाहिलं त्याच्याशी तो जुळतो.

तरी ते कर्जच. समजा कोणाची बाकी १५ लाख होती, त्याला ३ लाख मिळाले. पहिल्या वर्षी महिन्याला तेवीसशेच्या आसपास व्याज, आणि नंतरची तीन वर्षं जुन्या हप्त्यावर आणखी साधारण साडेनऊ हजार. २०२० च्या जूनमध्ये घेतलेल्या कर्जाची मुद्दल फेडायची वेळ आली २०२१ च्या जुलैत, म्हणजे दुसरी लाट नुकतीच ओसरत असताना. तेव्हा मागांवर पुरेसं काम नव्हतं. पुढे सरकारने मुदत चाराची पाच वर्षं करायची आणि आणखी १० टक्के घ्यायची सोय केली, पण ती कर्जाची फेररचना, म्हणजे हप्ते नव्याने बांधून घेणाऱ्यांसाठी. आमच्याकडे काहींनी त्या काळात माग भंगारात किलोवर विकले. ऑर्डरच नसेल तर कर्जाने दिवस ढकलता येतात, धंदा चालत नाही.

बाकीच्या सवलतींचंही थोडं तसंच. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते थांबवायची मुभा दिली, पण व्याज चालूच होतं. २ कोटींपर्यंतच्या कर्जांवर त्या सहा महिन्यांचं व्याजावरचं व्याज सरकारने नोव्हेंबरमध्ये परत केलं. पुढे २३ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्याजावर व्याज कोणाकडूनच घ्यायचं नाही, पण मूळ व्याज माफ होणार नाही. भविष्यनिर्वाह निधीचे मालकाचे आणि कामगाराचे दोन्ही हिस्से सरकारने सहा महिने भरले, पण १०० पर्यंत कामगार आणि त्यातले ९० टक्के १५ हजारांखालच्या पगाराचे, अशाच ठिकाणी. मुळात भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे २० कामगारांपासून पुढे लागू होतो. दोन वेल्डर आणि एक हेल्पर असलेल्या शेडला त्याचा काय उपयोग? महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने औद्योगिक आणि व्यावसायिक ग्राहकांना तीन बिलांचा स्थिर आकार नंतर भरायची सवलत दिली. नंतर भरायची, माफ नाही. बंद शटरमागे मीटर एक युनिटही फिरला नाही तरी तो आकार पुढे द्यावाच लागला.

कर्ज नसलेल्यांचा ज्यात विचार झाला अशी मला मनापासून पटलेली योजना म्हणजे फेरीवाल्यांची पीएम स्वनिधी, १ जून २०२० ची. आधीचं कर्ज असण्याची अट नव्हती. सुरुवातीला १० हजार, वेळेत फेडले तर २० हजार, पुढे ५० हजार, आणि व्याजात ७ टक्के अनुदान. भाजीची गाडी लावणाऱ्या बायकांची पहिल्यांदा बँकेत स्वतःच्या नावाने फाइल झाली. रक्कम लहान होती, पण सुरुवात योग्य टोकापासून होती. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत राज्य सरकारने नोंदणीकृत फेरीवाल्यांना आणि परवानाधारक रिक्षाचालकांना १५०० रुपये थेट दिले. तेवढ्याने महिना निघत नाही, पण ते परत करायचे नव्हते.

बाहेरच्या देशांत काय झालं असं पुष्कळ जण विचारतात. अमेरिकेत कर्ज मुख्यतः पगारावर खर्च केलं तर माफ व्हायचं. ब्रिटनमध्ये घरी बसलेल्या कामगाराच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिन्याला २५०० पौंडांपर्यंत, सरकार देत होतं. आपल्याला ते तसंच्या तसं जमलं नसतं, कारण आपल्याकडे बहुतेकांचे पगार कागदावरच नसतात आणि तिजोरीही तेवढी नाही. हे मला मान्य आहे. पण विजेचं बिल तर कागदावर असतं. व्यावसायिक किंवा औद्योगिक मीटर असलेल्या लहान जोडभाराच्या ग्राहकांचा तीन महिन्यांचा स्थिर आकार सरकारने भरला असता आणि वर थोडी रोख दिली असती, तर तुमच्या वडिलांसारखी माणसं ग्राहक क्रमांकावरूनच सापडली असती. त्यासाठी कोणाच्या कर्जाची बाकी बघायची गरज नव्हती.

आता ठेकेदाराकडच्या पैशांकडे येते. खरं तर छोट्या धंद्यांना त्या काळात सर्वांत जास्त बुडवलं ते अडकलेल्या उधारीने. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण त्यासाठी माल देण्याआधी उद्योगाची नोंदणी झालेली असणं सुरक्षित. नंतर केलेली नोंदणी जुन्या बिलांना लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं होतं, पण २०२५ मध्ये नोंदणीचा हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला. म्हणून वडील पुन्हा काम सुरू करणार असतील, अगदी एका मशीनवर का होईना, तर पहिल्या बिलाआधी उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडची लहान उद्योगाची ही नोंदणी, करून घ्या. ती मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

जुन्या बिलांसाठी दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षं असते. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने त्यातून वगळला आहे. तो धरूनही बऱ्याच बिलांची मुदत आता संपली असेल. मात्र मुदतीच्या आत ठेकेदाराने सहीनिशी बाकी मान्य केली असेल, किंवा चेकने काही रक्कम दिली असेल, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं मोजता येतात. तेव्हा जुनी बिलं, चलनं, बँकेचे उतारे आणि व्हॉट्सअॅपवरचे संदेश एकत्र करून तारखेप्रमाणे लावा, आणि शेवटची रक्कम कधी आली ते आधी शोधून वकिलाकडे जा.