ऱ्होड्स घ्या, पण किमतीआधी जिन्याचं माप घ्या

तुमचा प्रश्न असा की पुण्यात एका जुन्या ऑर्केस्ट्रावाल्याकडे ऱ्होड्स स्टेज ७३ आणि वुर्लित्झर २००ए असे दोन जुने इलेक्ट्रिक पियानो विकायला आहेत, त्यातला कुठला घ्यावा आणि सोलापूरच्या जोडभावी पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात तो चढवायचा कसा. माझ्याकडे शुक्रवार पेठेत १९७७ चा स्टेज ७३ आहे, वुर्लित्झरही हाताखालून गेलेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन्हीतला फरक. वुर्लित्झरला ६४ पट्ट्या, वजन पंचवीस किलोच्या आसपास, दोन माणसं आरामात जिना चढतात. ऱ्होड्स साठ किलोच्या घरात, पाय काढले तरी ४५ इंच लांब आणि २३ इंच खोल, आणि धरायला नीट जागा नाही. पण तेवढ्यावर ठरवू नका, आपल्याकडची लाईट बघून ठरवा. वुर्लित्झरमध्ये आत ॲम्प असतो, अमेरिकेतला असेल तर तो १२० व्होल्टचा, आपल्या २३० ला थेट लावला की ट्रान्सफॉर्मर गेलाच समजा. चांगला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, प्रवासात वापरायचा तो हलका कन्व्हर्टर नाही. शिवाय त्यात रीड (वाजणारी स्टीलची पात) आणि पिकअप (तिचा कंप उचलणारा भाग) यांच्यामध्ये दीडशेच्या आसपास व्होल्ट असतात, चालू असताना झाकण उघडून बोटं घालायची नाहीत म्हणजे नाहीत.

स्टेज ऱ्होड्सला मुळात लाईटच लागत नाही, गिटारसारखी जॅकची वायर काढून ॲम्पला लावायची, बास. आत स्टीलची बारीक तार असते, तिला टाइन म्हणतात, तिच्यावर हॅमर पडतो, वर टोनबार तिच्यासोबत गुंजतो आणि समोरचा चुंबकाचा पिकअप तो कंप उचलतो. उन्हाळ्यात आपल्याकडे व्होल्टेज कसंही नाचू दे, त्याला फरक पडत नाही. मात्र 'सुटकेस' मॉडेल असेल, म्हणजे खाली स्पीकरचा खोका असेल, तर वुर्लित्झरसारखंच व्होल्टेजचं बघावं लागेल. तो विकणारा नक्की स्टेजच म्हणतोय ना, फोटो मागवून खात्री करा.

दुरुस्तीचं म्हणाल तर वुर्लित्झरची जात आपल्या पेटीच्या जवळची आहे. पेटीची रीड टोकाला खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो, तसं वुर्लित्झरच्या स्टीलच्या रीडच्या टोकावर झाळाचा, म्हणजे सोल्डरचा, थेंब असतो, तो घासला की सूर चढतो आणि वाढवला की उतरतो. पंढरपूरकडे भजनाच्या पेट्या दुरुस्त करणारा हुशार कारागीर असेल तर त्याला तत्त्व एका बैठकीत कळेल. पण झाळाचा कीस पिकअपमध्ये अडकला की करकर सुरू होते आणि रीड जोरात वाजवून तुटली की नवी बाहेरूनच मागवावी लागते. ऱ्होड्सची टाइनही तुटते, पण ट्यूनिंगला फक्त टाइनवरची छोटी स्प्रिंग पुढे-मागे सरकवायची, घरी ट्यूनर ठेवून कुणीही शिकतो. म्हणून माझं मत ऱ्होड्स, आणि तो एका जागी ठेवण्यासाठी. लग्नाच्या ऑर्डरला आणि हुतात्मा स्मृती मंदिरातल्या कार्यक्रमाला डिजिटल घेऊन जा, ऱ्होड्स घरात राहू दे. दर आठवड्याला साठ किलो चढउतार करणारा माणूस सहा महिन्यांत तो विकायला काढतो, हे मी बघितलंय.

बघायला गेलात की झाकण काढून ७३ च्या ७३ पट्ट्या एकेक करून वाजवा, हळू आणि जोरात. एखादी पट्टी अगदीच मुकी असेल तर बहुतेक पिकअप गेलाय. सूर पातळ, वरच्या सप्तकातला वाटत असेल तर घाबरू नका, टाइन पिकअपच्या बरोबर मध्यावर आलीय, टोनबार धरणाऱ्या दोन स्क्रूंनी ती जराशी वरखाली केली की मूळचा गोल सूर परत येतो. मग खाली वाकून हॅमरच्या टोकाचं रबर बघा, टाइनचा चर किती खोल पडलाय ते कळतं. चर खोल असले की आवाज कडक आणि टकटक, सगळा संच बदलावा लागेल आणि ते पैसे किमतीतून मागा. टोनबारच्या स्क्रूंखालचे रबरी वायसर वाळून कडक झालेत का तेही बघा, आपल्या कोरड्या हवेत तर ते लवकरच होतं. आणि हार्पवर, म्हणजे टाइन आणि टोनबार ज्यावर बसवलेत त्या चौकटीवर, शिक्का मारलेला चार आकडी नंबर दिसेल, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, २५७७ असेल तर १९७७ चा पंचविसावा आठवडा.

(हॅरल्ड ऱ्होड्स या माणसाने दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना पलंगावर बसून वाजवता यावेत म्हणून विमानाच्या ॲल्युमिनियम नळ्यांपासून छोटे पियानो बनवले होते, तिथून हे सगळं सुरू झालं. हे वाचल्यापासून मला या वाद्याबद्दल वेगळीच माया वाटते.)

आता हलवण्याचं. पाय लावलेला पियानो फरशीवरून ओढायचा नाही, पाय ज्या लोखंडी तुकड्यात फिरवून बसवतात तो तुकडाच लाकडातून उपटून येतो. चारही पाय, मागच्या आडव्या पट्ट्या, त्यांचे नॉब, पेडल आणि पेडलचा दांडा, हे सगळं वेगळ्या पिशवीत, आणि ती पिशवी टेम्पोत नाही तर तुमच्या मांडीवर. हार्पचे स्क्रू घट्ट आहेत ना ते बघून झाकण लावा. भोवती दोन सोलापुरी चादरी गुंडाळा, जाड सुती असल्याने हवा खेळते, नुसतं प्लास्टिक गुंडाळलं की आत घाम धरतो. पावसाळा असेल तर ताडपत्री चादरीच्या वरून.

टेम्पोत आडवा, सपाट, खाली गादी आणि बाजूने पट्टे. उभा ठेवून अडीचशे किलोमीटर आणू नका आणि उलटा तर कधीच करू नका. मे महिन्यात दुपारी निघू नका, टेम्पोचा हौदा तापतो, वरच्या काळ्या रेक्झिनचा गोंद सुटतो. रात्री निघा, पहाटे मोहोळ ओलांडाल, आणि ड्रायव्हरला गतिरोधकांवर सावकाश चालव म्हणून आधीच सांगून ठेवा. संक्रांतीच्या आसपास आणणार असाल तर गड्डा यात्रेची गर्दी लक्षात घ्या, पेठेत टेम्पो घुसणार नाही.

जोडभावी पेठेत तसंही छोटा हत्ती गल्लीच्या तोंडाशीच थांबेल. तिथून चार माणसं, पट्टे खालून घेऊन. जिन्यात दोघं वर, दोघं खाली, खालच्या दोघांवर जास्त भार येतो तेव्हा तिथे उंच आणि धडधाकट माणसं. वळणावर तो ४५ इंच उभा करूनच फिरवावा लागतो, म्हणून आजच टेप घेऊन वळणाची रुंदी आणि वरची उंची मोजा, कठड्याची लाकडी मूठ अडते का तेही बघा. दरवाजाच्या २६-२७ इंची चौकटीतून तो जातो, वळणावर घोडं अडतं. मोजून बसत नसेल तर तळमजल्यावर कुणाची खोली मिळते का बघा, नाहीतर वुर्लित्झर घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आणल्यावर एक दिवस तसाच राहू द्या, भिंतीला आणि कुलरच्या झोताला लावू नका. पावसाळ्यात दोनचार पट्ट्या जड वाटल्या तर लाकूड आणि आतली फेल्ट फुगलीय, लगेच काही घासू नका, हवा कोरडी झाली की बहुतेक वेळा मोकळ्या होतात.

त्या माणसाला फोन करून आधी पेडल आणि दांडा दाखव म्हणा, जुन्या ऱ्होड्ससोबत तेच हरवलेले असतात. आणि जिन्याच्या वळणाचं माप आणि हार्पवरचा नंबर इथे टाका, मग किमतीचं बोलू.