ख्रिस्ती लोक आत्मा अमर मानतात ना? मग ‘देहाच्या पुनरुत्थाना’वर एवढा भर कशासाठी? आणि ज्याचं दहन झालं त्याचं काय?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या वडिलांच्या दफनविधीला गेला होतात, तिथे प्रार्थनेत ‘देहाचे पुनरुत्थान’ हे शब्द कानावर पडले आणि तुम्हाला वाटलं, आत्मा देवाकडे गेला म्हणजे झालं की, मातीत जाणाऱ्या देहाची भानगड पुन्हा कशाला?

मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातला आहे. खरं सांगायचं तर आमच्यातल्याही बऱ्याच जणांना विचारलंत तर ते ‘मेल्यावर आत्मा स्वर्गात जातो’ एवढ्यावरच थांबतील. तेही चूक नाही, पण तो मधला मुक्काम झाला. चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या जुन्या श्रद्धाघोषणेचा शेवट स्वर्गावर होत नाही, तो देहाच्या पुनरुत्थानावर आणि सार्वकालिक जीवनावर होतो. म्हणजे देवाने घडवलेला माणूस देहासकट पुन्हा उभा राहणार, अशी ती आशा आहे.

ही आशा आली कुठून हे पाहिलं की भर कशावर आहे ते कळतं. बायबलच्या जुन्या करारात, म्हणजे येशूच्या आधीच्या यहुदी ग्रंथांत, मरणानंतरच्या गोष्टींबद्दल फार थोडं बोललंय. मृत जागे होतील हे स्पष्टपणे येतं ते त्यातल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात. इ.स.पूर्व 167च्या सुमाराला अंतियोख चौथा या राजाने यहुद्यांवर त्यांचा धर्म सोडण्याची सक्ती केली. त्या छळाची एक कथा मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. (हे पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये असतं, आम्हा प्रॉटेस्टंटांच्या नेहमीच्या बायबलमध्ये नसतं, त्यामुळे आमच्याकडे ही कथा फारशी कुणाला ठाऊक नाही.) एक आई आणि तिचे सात मुलगे. डुकराचं मांस खा, नाहीतर मरा, असा हुकूम. तिसऱ्या मुलाची पाळी येते तेव्हा तो आपणहून जीभ बाहेर काढतो, हात पुढे करतो आणि म्हणतो की हे मला देवाकडून मिळाले आणि त्याच्याकडूनच ते परत मिळतील अशी माझी आशा आहे.

त्या पोराला ‘माझ्या आत्म्याचं पुढे काय’ ही चिंता नाही. तो हातांबद्दल बोलतोय, जे आता तोडले जाणार आहेत त्याच हातांबद्दल. देवाचं ऐकलं म्हणून देह तोडला गेला आणि देव त्या देहाबद्दल काहीच करणार नसेल, तर जिंकला तो राजाच. माझ्या मते पुनरुत्थानाच्या विश्वासाची मुळी इथे आहे. तो सांत्वनाच्या गरजेतून कमी आणि न्यायाच्या मागणीतून जास्त आलेला आहे.

येशूच्या काळापर्यंत ही गोष्ट सामान्य यहुदी घरांत पोहोचली होती. यहुद्यांतल्या दोन पंथांपैकी परूशी ती मानत, सदूकी मानत नसत. भाऊ लाजर मेल्यावर मार्था येशूला म्हणते, शेवटच्या दिवशी तो उठेल हे मला ठाऊक आहे. तेव्हा नवं काय घडलं? शेवटच्या दिवशी सगळ्यांचं जे व्हायचं ते मध्येच, एका माणसाच्या बाबतीत, आधी घडलं असा शिष्यांचा दावा. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित पौल म्हणूनच येशूला ‘प्रथमफळ’ म्हणतो, म्हणजे सुगीतली पहिली पेंढी, मागचं पीक अजून यायचंय. लाजराचं तसं नव्हतं. येशूने हाक मारल्यावर तो कबरेतून बाहेर आला खरा, पण पुढे पुन्हा मेलाच असणार.

आणि हा उठलेला येशू शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत, भूत नाही. लूक सांगतो की शिष्य घाबरले तेव्हा त्याने त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला. योहान सांगतो की त्याने थोमाला हातांवरचे खिळ्यांचे व्रण दाखवले. तरी तो अगदी पूर्वीसारखाही नाही. अम्माऊसच्या वाटेवर दोघे त्याच्याबरोबर चालले, बोलले, पण भाकर मोडेपर्यंत त्यांना तो ओळखू आला नाही. दारं बंद असताना तो खोलीत आला. मला यात सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते व्रण. मरणावर मात केलेल्या देहावर निदान जखमांच्या खुणा तरी उरायला नकोत, असं आपल्याला वाटेल. इथे त्या उरल्यात, आणि ओळख त्यांच्यावरूनच पटते.

ग्रीक लोकांना हे पटणं अवघड होतं. आत्मा हा देहाच्या कैदेत आहे आणि मरण म्हणजे सुटका, असं मानणारी मोठी परंपरा तिथे होती. पौल अथेन्समध्ये बोलला तेव्हा मृतांच्या पुनरुत्थानाचा विषय निघताच काहींनी त्याची टर उडवली. आपल्याकडेही गीतेतलं ‘वासांसि जीर्णानि’ बहुतेकांना पाठ असतं. जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यावीत तसा आत्मा जुने देह टाकून नवे घेतो. गंमत अशी की पौलही वस्त्राचंच बोलतो. करिंथकरांना, म्हणजे करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो म्हणतो, आम्हाला वस्त्र उतरवायचं नाहीये, त्याच्यावर आणखी पांघरायचंय, म्हणजे जे मर्त्य आहे ते जीवनात सामावून जाईल. कोणती मांडणी श्रेष्ठ हा वाद मला घालायचा नाही. पण दोन्ही एकच आहेत असं म्हणणं दोघांवरही अन्याय आहे.

हे खरंच घडलं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी एवढंच सांगतो. उठलेल्या येशूला पाहिलेल्या साक्षीदारांची यादी पौल देतो ते पत्र येशूच्या मरणानंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आतलं आहे. आणि चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेपाशी आधी पोहोचतात त्या स्त्रिया, ज्यांच्या साक्षीला त्या काळी फारशी किंमत नव्हती. याने काही सिद्ध होत नाही. मी मानतो ते विश्वासाने.

आता जळालेल्या देहाचं. इ.स. 177मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लिओं शहरात ख्रिस्ती लोकांना हाल करून मारलं. त्यांत ब्लांदिना नावाची एक दासी होती. तिथल्या मंडळीने लिहिलेल्या पत्रात पुढचा प्रकार नोंदवलेला आहे. प्रेतं पुरू दिली नाहीत, सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळून राख ऱ्होन नदीत लोटली. हेतू हा की यांना उठण्याची आशाच उरू नये. आता बघू हे उठतात का, असं लोक म्हणत होते. म्हणजे तुमची शंका अठराशे वर्षांपूर्वी कुणीतरी प्रयोग करून विचारून झालेली आहे! त्या मंडळीने विश्वास सोडला नाही. ज्याने नसलेल्यातून निर्माण केलं त्याला राखेची काय अडचण, हे त्या काळच्या ख्रिस्ती लेखकांचं उत्तर. पौलाने बी आणि रोपाचं उदाहरण दिलंय तेही याच प्रश्नासाठी: पेरतो ते बी, उगवतं ते वेगळं दिसतं, पण असतं त्याच बियाचं. प्रत्येक अणू गोळा व्हायला हवा असं त्यात कुठेच नाही. चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन याने मात्र, नरभक्षकाने खाल्लेलं मांस उठताना कुणाचं, इथपर्यंत चर्चा केली आहे. हुशार माणसांना अशा प्रश्नांचा मोह आवरत नाही.

त्यामुळे दहनाने पुनरुत्थानाला बाधा येते असं कुठलंही मोठं चर्च मानत नाही. पुरण्याची रीत आहे ती देहाच्या मानासाठी. कॅथलिक चर्चने 1886मध्ये दहनाला मनाई केली होती, 1963मध्ये ती उठवली. 2016च्या सूचनेप्रमाणे राख विखरू नये, दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवावी. मुंबईत दफनभूमीला जागाच नाही, काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवाव्या लागतात, तिथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

या सगळ्याने फरक काय पडतो? मी माझ्या पणजोबांच्या जागेवरून बघतो. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831मध्ये सुरू झालं आणि पुढे जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग समाजातले लोक खूप होते. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानत, ज्यांना पाणवठा शिवू देत नसत, त्यांना ‘तुझा आत्मा शुद्ध आहे’ असं सांगून फारसं काही दिल्यासारखं होत नाही. विटाळ देहाचा होता. देवाला तुझा हा देहच हवाय, तो टाकून द्यायची वस्तू नाही, हे सांगणं निराळं. ख्रिस्ती समाजाने ते नेहमी पाळलं असंही नाही. तामिळनाडूत तर दफनभूमीतसुद्धा जातीची भिंत उभी राहिलेली आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या कबरांवर तोच पुनरुत्थानाचा पाठ वाचला जातो.

हा विषय मुळातून वाचायचा असेल तर करिंथकरांना पहिलं पत्र, अध्याय 15 घ्या. अठ्ठावन्न ओव्यांचा लांबलचक युक्तिवाद आहे, मध्ये मध्ये पौल चिडतोही. पण शेवटी तो ‘आता स्वर्गाकडे डोळे लावून बसा’ म्हणत नाही. म्हणतो, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, कामाला लागा. तिथेच थांबू नका, पान उलटा. सोळाव्या अध्यायाची पहिलीच ओळ यरुशलेममधल्या बांधवांसाठी गोळा करायच्या वर्गणीची आहे, आणि प्रत्येकाने दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे पैसे बाजूला काढून ठेवावेत, मी आल्यावर धावपळ नको, असं त्याने बजावलंय.