लससक्ती, लसीची सक्ती की लसीची अट?

प्रश्न असा आला आहे: 2021 साली मुंबईत लोकलसाठी कोविड लसीच्या दोन डोसांचा नियम लागू झाला, तेव्हा समाजमाध्यमांवर उमटलेल्या प्रतिक्रियांवर एक विद्यार्थिनी लिहिते आहे. तिने ‘लससक्ती’ म्हणावं, ‘लसीकरण अनिवार्य’ म्हणावं की ‘लसीची अट’?

तिन्ही शब्द मराठीत चालतात, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

‘सक्ती’ फारसी ‘सख्त’वरून आली. ‘सक्त मजुरी’तला सक्त तोच, ‘आसक्ती’तला मात्र संस्कृत. एखाद्या गोष्टीची सक्ती केली म्हटलं की करणारा आणि सोसणारा दोघेही डोळ्यांपुढे येतात. ‘हेल्मेटसक्ती’ हा शब्द बहुतेक वेळा विरोध करणाऱ्याच्याच तोंडी असतो. ‘सक्तीचे’ हे विशेषण मात्र बरंच सौम्य आहे. 2009च्या कायद्याच्या मराठी नावात ‘मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क’ असे शब्द आहेत आणि ते कुणाला टोचत नाहीत. म्हणून माझ्या मते ‘सक्तीचे लसीकरण’ हे वर्णन झालं, ‘लसीची सक्ती’ ही तक्रार झाली.

‘अनिवार्य’ म्हणजे ज्याचं निवारण करता येत नाही ते. नियमाला तो शब्द हिंदीच्या वळणाने चिकटला; ‘बंधनकारक’ कितीतरी नेमका.

आता लोकल. 15 ऑगस्ट 2021पासून दुसरा डोस घेऊन 14 दिवस झालेल्या सर्वसामान्यांनाच पास काढून लोकलने प्रवास करता येऊ लागला. पालिकेचे कर्मचारी स्थानकावर प्रमाणपत्र तपासून शिक्का मारत, मग खिडकीवर पास. पण अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला लस 1 मेपासून खुली झाली होती आणि कोविशील्डच्या दोन डोसांत किमान बारा आठवड्यांचं अंतर होतं. जूनमध्ये पहिला डोस घेतलेल्या तरुणाला दुसरा 24 ऑगस्टआधी मिळणंच शक्य नव्हतं. विरार-डोंबिवलीहून नोकरीला येणाऱ्या अशा माणसाचा राग ‘लससक्तीला विरोध’ या खात्यात टाकणं हा त्याच्यावर सरळ अन्याय आहे. तो लस घ्यायला तयार होता. त्याला अडवलं होतं ते अटीने. त्याच्या बाबतीत ‘अट’ किंवा ‘प्रवासबंदी’ म्हणा. शरीरावर आपला अधिकार आहे, टोचून घेणार नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी ‘सक्ती’ राखून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022च्या निकालात हाच भेद केला: लस घेण्याची बळजबरी कुणावर करता येणार नाही, पण सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणात असलेले निर्बंध घालता येतील, लस न घेतलेल्यांवरचे तेव्हाचे निर्बंध मात्र त्या प्रमाणात बसत नाहीत.

राहिलं रूप. ‘लससक्ती’ हा समास बरोबर आहे, फक्त दोन ‘स’ लागोपाठ आल्याने बोलताना अडखळायला होतं. ‘लसीची’ आणि ‘लशीची’ दोन्ही छापलेलं दिसतं. म्हैस-म्हशीची, कूस-कुशीची या चालीने ‘लशीची’ अधिक मराठी वाटतं. कुठलंही घ्या, लेखभर एकच ठेवा.