केबलवाला खरंच तोट्यात आहे का?

प्रश्न : आमच्या भागात वीस वर्षं एकच केबलवाला होता. दोन वर्षांपूर्वी त्याने हजारेक कनेक्शनं दुसऱ्याला विकली. नवा माणूस बिल वाढवताना दर वेळी म्हणतो, “काका, तोट्यात चाललंय.” तोट्याचा धंदा त्याने विकत घेतला कशाला? यांचा नफा कोणी तपासतं की नाही?
– एक वाचक, कसबा पेठ, पुणे

उत्तर : तो खोटं बोलत नसेल, आणि तुमची शंकाही रास्त आहे. मी कॉस्ट अकाउंटंट म्हणून नोकरी केली, त्यामुळे आधी आकडे मांडतो. समजा, जुन्या मालकाने २० लाखांत तारा, सिग्नल वाढवणारे अँप्लिफायर वगैरे उभं केलं. वर्षाची वसुली वजा रोजचा खर्च, हाती ८ लाख. दहा वर्षांचा घसारा, म्हणजे सामानाच्या झिजेचा खर्च, धरला तर वर्षाला २ लाख, उरले ६. भांडवलावर ३० टक्के!

आता हेच जाळं नव्या माणसाने ५० लाखांना घेतलं, सगळं कर्ज काढून, १२ टक्क्यांनी. व्याज ६ लाख, घसारा ५ लाख. हातात तेच ८ लाख, पण वहीत ३ लाखांचा तोटा. तारा त्याच, गिऱ्हाइकं तीच. वरचे ३० लाख त्याने तारांसाठी मोजलेच नाहीत. तुम्ही दर महिन्याला पैसे भरणार, या खात्रीसाठी मोजले. तेच ३० लाख खर्चात धरून तुमचं बिल वाढवायचं, म्हणजे तुमच्याच खात्रीची किंमत तुमच्याकडून वसूल करायची.

अमेरिकेत नेमकी हीच गाठ पडली होती. १९९२ च्या कायद्याने केबलचे दर पुन्हा नियंत्रणाखाली आले. १९९४ मध्ये तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने खर्चावर आधारित दर मागणाऱ्या कंपन्यांसाठी भांडवलावर ११.२५ टक्के परतावा ठरवला, आणि खरेदीत अशी मोजलेली जादा रक्कम सहसा त्या भांडवलात धरायची नाही असं धोरण ठेवलं. कंपन्यांची ओरड झाली, पण मला ते योग्य वाटतं. गंमत म्हणजे गुंतवणूकदारांपुढे केबलवाले घसारा-व्याज बाजूला ठेवूनच कमाई दाखवत. ‘एबिट्डा’ (व्याज, कर, घसारा वजा करण्याआधीची कमाई) हे माप रूढ करण्याचं श्रेय टीसीआय या केबल कंपनीच्या जॉन मलोन यांना देतात. दरवाढ मागताना मात्र घसारा, व्याज सगळं आठवतं!

आपल्याकडे ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेका केबलचालकाचा नफा मोजून दर ठरवत नाही. नेटवर्क शुल्काला, म्हणजे वाहिन्यांच्या किमतीखेरीज जोडणीसाठी घेतात त्या रकमेला, ती वरची मर्यादा घालत होती. २०१९ पासून १०० वाहिन्यांसाठी नेटवर्क शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये होतं, जीएसटी धरून १५३.४०. २०२० मध्ये तेवढ्यातच २०० वाहिन्या आल्या. वेगळा करार नसेल तर या शुल्काचे ५५ टक्के सिग्नल पुरवणाऱ्या वरच्या कंपनीला, ४५ टक्के गल्लीतल्या चालकाला. म्हणजे १३० रुपयांतले त्याच्या वाट्याला ५८ रुपये ५० पैसे यायचे. जुलै २०२४ मध्ये ती मर्यादाही काढली.

पण इतकी वर्षं वाटा एवढाच होता, त्यामुळे त्याचं रडगाणं अगदीच खोटं नाही. शिवाय अँप्लिफायरला वीज देणाऱ्या इमारतीत एखादं कनेक्शन फुकट द्यावं लागतं, तेही त्याच्याच माथी. पण पुढच्या वेळी तो ‘तोटा’ म्हणाला, की चहा पाजा आणि सहज विचारा, “मग विकतोस का? कनेक्शनमागे काय घेशील?”