वाचकांचे प्रश्न : मोठे टायर, गियर आणि मायलेजचा हिशेब

प्रश्न : माझी पाच गियरची पेट्रोल गाडी आहे. १८५/६५ आर १५ मापाचे टायर पूर्ण झिजल्यामुळे मी एका दुकानदाराच्या सल्ल्याने २०५/६५ आर १५ मापाचे टायर घातले. चाक मोठे झाले की हायवेवर इंजिन कमी फिरते आणि मायलेज वाढते, असे त्यांचे म्हणणे होते. इंदूर ते नाशिक या प्रवासात पूर्वी लिटरला १८ किलोमीटर मिळत, ते आता १७ वर आले आहे. शिवाय परतताना मानपूरच्या घाटात पूर्वी चौथ्या गियरमध्ये चढणारी गाडी आता तिसरा मागते. मोठे टायर घेऊन मी चूक केली का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : इंजिन कमी फिरते हे खरे आहे; मायलेज वाढते हे मात्र त्यावरून आपोआप ठरत नाही. पण आपले मायलेज वास्तविक १८ वरून १७ वर आलेलेच नाही, हे आधी सांगितले पाहिजे.

टायरवरच्या आकड्यांपैकी १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के इतकी टायरच्या बाजूची उंची आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. त्यावरून आपल्या मूळ चाकाचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर येतो आणि नव्याचा सुमारे ६४७, म्हणजे ४ टक्क्यांहून थोडा जास्त. गाडीचे मीटर अंतर मोजत नाही, ते चाकाचे फेरे मोजते आणि प्रत्येक फेऱ्याला मूळ चाकाचा परीघ धरून चालते. त्यामुळे मीटरवर १०० किलोमीटर पडतात तेव्हा गाडी आता १०४ किलोमीटर चाललेली असते आणि आपले १७ चे मायलेज प्रत्यक्षात १७.७ च्या आसपास असते. आता जुन्या १८ कडे पाहा. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि टायर बदलण्याच्या मर्यादेला ती १.६ मिलिमीटर उरते. म्हणजे झिजलेल्या चाकाचा व्यास सुमारे १३ मिलिमीटरने, जवळजवळ २ टक्क्यांनी, कमी झालेला असतो. तितके मीटर वाढीव अंतर दाखवत होते, म्हणून तो आकडाही साडेसतराच्या पुढे फारसा नव्हता. थोडक्यात, तोटा झालेला नाही आणि फायदाही झालेला नाही. खात्री करून घ्यायची असेल तर धुळ्याच्या वाटेवर किलोमीटरचे दगड पाहून मीटरवरचे ५० किलोमीटर पडताळा, आणि टाकी दोन्ही वेळा एकाच पंपावर पूर्ण भरा.

मग कमी फिरणाऱ्या इंजिनाचा लाभ गेला कुठे? समजा, पाचव्या गियरचे गुणोत्तर ०.७५ आणि डिफरन्शियलचे (गियरबॉक्सकडून आलेली शक्ती दोन चाकांत वाटणाऱ्या दातेरी संचाचे) ४.२ आहे. ताशी १०० च्या खऱ्या वेगाला मूळ चाकावर इंजिन मिनिटाला सुमारे २,६९० फेरे घेईल आणि मोठ्या चाकावर २,५८०. फेरे कमी झाले की इंजिनातले घर्षण घटते. शिवाय तेवढीच शक्ती देण्यासाठी थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, थोडा अधिक उघडावा लागतो, त्यामुळे अरुंद वाटेने हवा ओढून घेण्यात वाया जाणारी शक्तीही वाचते. पाचवा गियर याचसाठी असतो. पण आपण काट्याकडे पाहून १०० ने चालत असाल, तर खरा वेग पूर्वीपेक्षा ४ टक्क्यांनी जास्त आहे, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तो सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढला आहे. त्यात टायर रुंद, जड आणि कोऱ्या नक्षीचा. जाड नक्षीचे रबर दर फेऱ्याला अधिक दबते आणि त्यातही शक्ती जाते. ११० फेऱ्यांची बचत एवढ्यात सहज संपते.

घाटाचे कारणही तेच आहे. चाकाची त्रिज्या वाढली की इंजिनाचा तोच जोर रस्त्यावर ४ टक्क्यांनी कमी ओढ देतो. खलघाटाला नर्मदा ओलांडून निमाडातून माळव्यात चढताना, भरलेल्या गाडीत, चौथ्यात जेमतेम निभावणाऱ्या इंजिनाला तेवढी घट पुरते. अशा वेळी तिसरा गियर टाकण्यास कचरू नका. चौथ्यातच पाय दाबून रडतखडत चढवणे इंजिनाला वाईट आणि इंधनालाही.

माझे स्पष्ट मत असे की, टायर नवे असल्यामुळे दुकानदार बदलून देत असतील तर मूळ मापाचेच घ्यावेत. मायलेजपेक्षा मला ब्रेकची काळजी अधिक वाटते, कारण चाक मोठे झाले की तेवढ्याच ब्रेकला गाडी थांबवणे थोडे जड जाते, आणि घाट उतरताना ते जाणवते. बदलून मिळत नसतील तर स्टिअरिंग पूर्ण वळवून, मागे माणसे बसवून, टायर आतल्या आवरणाला घासत नाही ना हे तपासा. स्टेपनी जुन्या मापाची असेल, तर ती पंक्चरच्या दुकानापर्यंतच वापरा. पुढच्या दोन चाकांचे व्यास वेगळे राहिले तर डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही काम करत राहावे लागते. इंधन वाचवण्याचा खरा मार्ग वेगातच आहे : ताशी १०० ला हवेचा विरोध ८० च्या तुलनेत दीडपटीहून अधिक असतो. नाशिकला अर्धा-पाऊण तास उशिरा पोहोचण्याची तयारी असेल, तर ८५ वर चालून पाहा. हवा टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा.

प्रश्न : रोज मोटारसायकलने देवास–इंदूर ये-जा करतो. पुढचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) १५ दातांऐवजी १६ चे घातले तर मायलेज वाढेल का?
— एक वाचक, देवास

उत्तर : मागचे स्प्रॉकेट ४५ दातांचे असेल, तर गुणोत्तर ३ वरून २.८१ वर येईल आणि त्याच वेगाला इंजिन सुमारे ६ टक्के कमी फिरेल. सपाट रस्त्यावर, एकट्याने, ताशी ५५ ते ६० ने चालणाऱ्याला याचा थोडा उपयोग होतो. मात्र मागे कोणी बसत असेल किंवा शहरातल्या गर्दीतून बराच वेळ जावे लागत असेल, तर क्लच अधिक वेळ अर्धवट धरावा लागेल आणि पिकअप मंदावेल. मीटरची तार पुढच्या चाकातून येत असेल तर वेगाची नोंद बिघडत नाही. काही नव्या गाड्यांत ती गियरबॉक्समधून घेतात, तिथे मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू लागेल. १६ दातांचे स्प्रॉकेट आवरणाला घासत नाही हे पाहून, आणि साखळी जुनी असेल तर पूर्ण चेनसेट एकदमच बदलून, मगच हा बदल करा.