सनस्क्रीनमधल्या रसायनांची औषधं: शिकायचं काय?

प्रश्न: मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. सनस्क्रीनमधल्या काही रसायनांचा औषध म्हणूनही उपयोग होऊ शकतो, असं वाचल्यापासून याच विषयात संशोधन करायचं डोक्यात आहे. आईबाबा म्हणतात, एवढ्याशा विषयात करिअर होत नाही. मी पुढे काय घेऊ?

उत्तर: विषय एवढासा नाही, हे आधी आईबाबांना सांग. पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्ल, म्हणजे पाबा, एके काळी सनस्क्रीनमध्ये सर्रास असायचं. अ‍ॅलर्जीच्या तक्रारींमुळे मागे पडलं. हाच पाबा अनेक जिवाणूंना फॉलिक आम्ल तयार करायला लागतो. आता पाबा आणि सल्फानिलामाइड हे जिवाणूंविरुद्धचं सल्फा औषध यांच्या रचना वहीत शेजारी शेजारी काढ. तेच वलय, तोच अमिनो गट; फक्त कार्बोक्सिलच्या जागी सल्फोनामाइड. जिवाणूचं एन्झाइम इथेच फसतं, पाबाऐवजी औषधच धरून बसतं आणि फॉलिक आम्ल बनणं अडतं. माणूस ते आहारातून घेतो, म्हणून आपल्या पेशी यातून सुटतात. शास्त्रज्ञ डोनाल्ड वूड्स यांनी पाबा आणि सल्फा औषधांचा हा संबंध १९४० मध्ये दाखवला. मला तर आजही ही गोष्ट विलक्षण वाटते!

ट्रोलामाइन सॅलिसिलेट उन्हापासून बचावासाठीही वापरलं गेलं आणि दुखऱ्या सांध्यांवर चोळायच्या क्रीममध्येही. लाल शैवाल आणि सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू) उन्हापासून स्वतःच्या बचावासाठी मायकोस्पोरिनसारखी अमिनो आम्लं बनवतात. ती दाह कमी करतात का, जखम भरायला मदत करतात का, यावर काम चालू आहे. पण ते बहुतेक प्रयोगशाळेतल्या पेशींवरचं. तिथून औषधापर्यंतची वाट फार लांब आहे आणि बहुतेक रेणू वाटेतच गळतात. म्हणून एका रेणूवर करिअर बांधू नकोस.

माझं स्पष्ट मत: एमएस्सी सेंद्रिय किंवा औषधी रसायनशास्त्रात कर. रेणू बनवण्यापेक्षा तो शरीरात काय करतो याचंच कुतूहल जास्त असेल, तर औषधशास्त्राकडे वळ. स्वतंत्र संशोधनासाठी पीएचडी जवळपास अटळ आहे, हे घरी आत्ताच बोलून ठेव. मध्येच थांबावंसं वाटलं, तरी औषधांच्या गुणवत्ता तपासणीत आणि सौंदर्यप्रसाधनांच्या फॉर्म्युलेशनमध्ये हेच शिक्षण कामी येतं.

सुट्टीत प्रकल्प शोधताना गाइडना एक नक्की विचार: एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आणि यूव्ही स्पेक्ट्रोमीटर (पदार्थ अतिनील किरण किती शोषतो ते मोजणारं यंत्र) मला स्वतःला चालवायला मिळेल का? नुसत्या बाटल्या धुवायच्या असतील, तर दुसरी प्रयोगशाळा बघ.